देशांचे कोड आणि मानकं: योग्य कोड कसा निवडायचा, मानक कसं शोधायचं आणि मसुद्यावर हरकत कशी नोंदवायची

स्पीड पोस्टच्या पावतीवरचा माग काढायचा नंबर बघा. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. हीच दोन अक्षरं स्टेट बँकेच्या स्विफ्ट कोडमध्ये पाचव्या-सहाव्या जागी सापडतात. न्हावा-शेवा बंदराचा कोड त्यांनीच सुरू होतो, रुपयाच्या 'आयएनआर' या कोडात ती आहेत आणि भारतातल्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटीही तीच आहेत. ही पाच कामं पाच वेगवेगळ्या व्यवस्था सांभाळतात, पण अक्षरं सगळ्यांनी एकाच यादीतून उचलली आहेत. त्या यादीचं नाव आयएसओ ३१६६.

निर्यात करणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे, भाषांतरकार, ग्रंथपाल, संशोधक, लहान कारखानदार अशा सगळ्यांना या यादीशी आणि तिच्यामागच्या मानक संस्थांशी कधी ना कधी गाठ पडतेच. तरीही मराठीत यावर कामाची माहिती फारशी मिळत नाही, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: कोणताही कोड किंवा मानक वापरण्याआधी तो कोणत्या संस्थेचा आहे, हे शोधून काढा. बहुतेक गोंधळ तिथेच मिटतात.

(एक सूचना: अक्षरी कोड प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहायचे असतात. इथे वाचायच्या सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.)

आधी संस्थांची ओळख

आयएसओ ही आंतरराष्ट्रीय मानकं करणारी जिनिव्हातली संघटना. ऑक्टोबर १९४६ मध्ये लंडनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले, त्यातून ती ठरली आणि २३ फेब्रुवारी १९४७ पासून तिचं काम सुरू झालं. ती संयुक्त राष्ट्रांची संस्था नाही आणि सरकारांची संघटनाही नाही. तिचे सभासद म्हणजे देशोदेशीच्या मानक संस्था, प्रत्येक देशाची एकच. ब्रिटनची बीएसआय १९०१ पासूनची, जर्मनीची डीआयएन १९१७ ची, अमेरिकेची एएनएसआय १९१८ ची. विजेच्या क्षेत्रातली मानकं आयईसी करते, ती १९०६ पासून आहे. दूरसंचाराची मानकं आयटीयू करते. ती १८६५ ची, म्हणजे तिघींत सर्वांत जुनी, आणि आज संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबातली.

आपली इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, म्हणजे जिच्यामुळे 'आयएसआय मार्क' हा शब्द घराघरांत पोचला ती संस्था, ६ जानेवारी १९४७ ला सुरू झाली. स्वातंत्र्याला अजून सात महिने होते, आणि तरी भारत आयएसओच्या संस्थापक सभासदांत होता. १ एप्रिल १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने घेतली. आज ती २०१६ च्या कायद्याखाली चालते. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. तिरंग्याचं कापड, रंग, आकार, शिवण हे सगळं त्यात नेमकं सांगितलेलं आहे, आणि नांदेडला खादीचे ध्वज बनतात तेही त्याच मोजमापाने.

मानक मुळात ऐच्छिक असतं. सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की त्या वस्तूपुरतं ते सक्तीचं होतं. खेळण्यांच्या बाबतीत ही सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आली. त्यामुळे 'या वस्तूला मानक आहे का?' आणि 'ते सक्तीचं आहे का?' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

पायरी १: देशाच्या कोडचं योग्य रूप निवडा

आयएसओ ३१६६ पहिल्यांदा १९७४ मध्ये निघालं. आज त्याचे तीन भाग आहेत: पहिल्यात देश, दुसऱ्यात देशांतली राज्यं-प्रांत, तिसऱ्यात रद्द झालेली नावं. पहिल्या भागात प्रत्येक नोंदीला तीन कोड मिळतात. भारताचे म्हणजे दोन अक्षरी 'आयएन', तीन अक्षरी 'आयएनडी' आणि आकडी ३५६.

कोणता घ्यायचा? पत्ते, फॉर्म, वेबसाइट, बँक, टपाल, बंदरं यांत दोन अक्षरी चालतो. पासपोर्टच्या पानावर खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत तीन अक्षरी असतो. माणसांनी वाचायच्या तक्त्यांतही तीन अक्षरी बरा, कारण तो नावावरून ओळखू येतो. 'एयू' आणि 'एटी' यांतलं ऑस्ट्रेलिया कोणतं आणि ऑस्ट्रिया कोणतं, हे घाईत चुकतं. 'एयूएस' आणि 'एयूटी' लिहिलं की निदान एक अक्षर जास्त आधाराला असतं. आकडी कोड संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतो. लिपी कोणतीही असो, तो बदलत नाही. आकडेवारीत आणि कार्डाने होणाऱ्या व्यवहारांत तो वापरतात.

लांब कालावधीची आकडेवारी हाताळणाऱ्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. देशाचं नाव बदललं की अक्षरी कोड बदलू शकतो. भूभाग बदलला की आकडी कोड बदलतो. ब्रह्मदेशाचं म्यानमार झालं तेव्हा 'बीयू' जाऊन 'एमएम' आलं, पण १०४ हा आकडा तोच राहिला. उलट २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाल्यावर सुदानचा 'एसडी' कायम राहिला, पण आकडा ७३६ चा ७२९ झाला. म्हणजे १९९० ते २०२० ची तुलना करताना फक्त अक्षरी कोडवर विसंबलात, तर दोन वेगवेगळ्या आकारांचे सुदान एकाच ओळीत बसतील आणि तक्ता कुठेही कुरकुरणार नाही.

या यादीत २४९ नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सभासद १९३ आहेत. मग उरलेल्या कोण? ग्रीनलँड, हाँगकाँग, अगदी अंटार्क्टिकासुद्धा. थोडक्यात, ही 'मान्यताप्राप्त देशांची' यादी नव्हे. नाव यादीत येण्यासाठी ते संयुक्त राष्ट्रांच्या नावांच्या किंवा सांख्यिकीच्या यादीत असावं लागतं. आयएसओ स्वतः कोणाला देश ठरवत नाही. कोसोव्होला अधिकृत कोड नाही, म्हणून अनेक यंत्रणा 'एक्सके' वापरतात. 'एक्सए' ते 'एक्सझेड' हा पट्टा वापरणाऱ्यांनी आपापल्या गरजेसाठी घ्यावा म्हणून मोकळाच ठेवला आहे. तुमच्या यादीत 'इतर' किंवा 'माहीत नाही' अशी नोंद हवी असेल, तर याच पट्ट्यातला कोड घ्या किंवा 'झेडझेड' वापरा. मनाने एखादी रिकामी जोडी उचलू नका. ती उद्या कोणाला तरी मिळू शकते.

ब्रिटनचा कोड 'जीबी' आहे. 'यूके' यादीत राखून ठेवलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला मिळणार नाही, आणि वेबसाइटच्या पत्त्यांत तोच चालतो. फॉर्ममध्ये मात्र 'जीबी' लिहा.

सिक्कीमचा कोड कुठे गेला?

भारतीय वाचकाला ही हकिगत माहीत असायला हवी असं मला वाटतं. १९७४ च्या पहिल्या यादीत सिक्कीमची स्वतंत्र नोंद होती आणि कोड होता 'एसके'. १९७५ मध्ये सिक्कीम भारताचं राज्य झालं आणि नोंद रद्द झाली. पुढे चेकोस्लोव्हाकिया दुभंगला आणि १९९३ मध्ये 'एसके' स्लोव्हाकियाला मिळाला. आज सिक्कीम तिसऱ्या भागात 'एसकेआयएन' या चार अक्षरी कोडखाली आहे: पहिली दोन अक्षरं जुनी, पुढची दोन ते ज्यात सामील झालं त्या देशाची. शिवाय दुसऱ्या भागात, भारताच्या राज्यांमध्ये, 'आयएन-एसके' म्हणून आहेच.

चेकोस्लोव्हाकियाच्या 'सीएस'चं याहून वाईट झालं. तो २००३ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला आणि जुन्या आणि नव्या नोंदींचा गुंता झाला. त्यावर इतकी टीका झाली, की कोड पुन्हा देण्याआधी थांबायची मुदत पाच वर्षांवरून पन्नास वर्षं करण्यात आली. ग्रंथालयाची सूची किंवा संग्रहालयाची नोंदवही करणाऱ्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी: कोडच्या शेजारी, तो कोणत्या वर्षी नोंदवला ते लिहून ठेवायचं.

पायरी २: सारख्या दिसणाऱ्या याद्या वेगळ्या ठेवा

भारताचा 'आयएनडी' पासपोर्टवर आहे, ऑलिम्पिकमध्ये आहे आणि गाड्यांच्या नव्या नंबर प्लेटवर निळ्या अक्षरांतही आहे. त्यामुळे आपला समज होतो, की सगळीकडे एकच यादी चालते. आपल्या बाबतीत तिन्ही याद्या जुळल्या आहेत इतकंच. जर्मनी घ्या. आयएसओमध्ये 'डीईयू', ऑलिम्पिकमध्ये 'जीईआर', गाडीवर नुसता 'डी', आणि पासपोर्टच्या यंत्रवाचनीय ओळीतही नुसता 'डी'. नेदरलँड्स आयएसओत 'एनएलडी', खेळांत 'एनईडी'. खेळांच्या निकालांचा तक्ता लोकसंख्येच्या तक्त्याशी जोडताना हे देश निसटतात आणि कुठे निसटले ते कळत नाही.

फोनचा ९१ आयटीयूचा. फोनच्या कोडवरून देश ठरवू नका: १ हा अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधल्या बऱ्याच बेटांमध्ये सामाईक आहे, ७ हा रशिया आणि कझाकस्तानमध्ये.

बारकोडचा ८९० हा जीएस१ या संघटनेचा. '८९० म्हणजे भारतात बनलेली वस्तू' असा संदेश व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. तो आकडा कंपनीने बारकोडची नोंदणी जीएस१ इंडियाकडे केली आहे एवढंच सांगतो. वस्तू कुठे बनली ते पाकिटावर छापलेल्या मूळ देशाच्या ओळीत वाचायचं. पुस्तकांचंही तसंच. मराठी पुस्तकाच्या आयएसबीएनमध्ये ९७८ नंतर ८१ किंवा ९३ दिसतं, ते भारताच्या नोंदणी गटाचे आकडे आहेत. देशांच्या आकडी कोडशी त्यांचा काही संबंध नाही.

आता भाषेचे कोड, कारण मराठी सॉफ्टवेअर आणि वेबसाइट करणाऱ्यांना इथे ठेच लागते. भाषांची यादी आयएसओ ६३९. त्यात मराठी 'एमआर', तीन अक्षरी 'एमएआर'. पण देशांच्या यादीत 'एमआर' म्हणजे मॉरिटानिया! बंगाली 'बीएन', तर देशांत ब्रुनेई. मल्याळम 'एमएल', तर देशांत माली. गुजराती 'जीयू', तर देशांत ग्वाम. म्हणून भाषा लहान (स्मॉल) अक्षरांत आणि देश मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहायचा रिवाज आहे, आणि 'भारतातली मराठी' असं सांगताना आधी भाषा, मग आडवी रेघ, मग देश. दोन्हींसाठी एकच रकाना ठेवू नका. कोकणीला दोन अक्षरी कोड नाही, फक्त तीन अक्षरी 'केओके' आहे. म्हणजे भाषेचा रकाना दोन अक्षरांपुरता बांधलात, तर गोव्याची राजभाषा त्यात मावणारच नाही. रकाना निदान तीन अक्षरांचा ठेवा.

पायरी ३: यादी घ्या आणि नीट साठवा

देशांचे कोड वापरायला पैसे पडत नाहीत. त्यांच्यावर शुल्क लागणार की काय, अशी चर्चा २००३ मध्ये उठली होती; तेव्हा आयएसओने वापर मोफतच राहील असं स्पष्ट केलं. संस्थेच्या ऑनलाइन ब्राउझिंग प्लॅटफॉर्मवर यादी कोणालाही पाहता येते. मानकाची पूर्ण प्रत मात्र विकत घ्यावी लागते, पण रोजच्या कामाला तिची गरज पडत नाही. कुठल्यातरी जुन्या ब्लॉगवरची यादी उचलू नका.

साठवताना नेहमी होणाऱ्या चुका:

आकडी कोड मजकूर म्हणून साठवा. ऑस्ट्रेलिया ०३६, बांगलादेश ०५०, भूतान ०६४. एक्सेलने पुढचं शून्य खाल्लं की ३६, ५० आणि ६४ उरतात आणि दुसऱ्या यादीशी जुळणी तुटते. रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करा, मग माहिती चिकटवा. उलट क्रमाने केलंत तर शून्य परत येत नाही.

नामिबियाचा कोड 'एनए'. माहितीचं विश्लेषण करणारी काही साधनं 'एनए'चा अर्थ 'माहिती नाही' असा घेतात आणि पूर्ण देश गायब होतो. नॉर्वेच्या 'एनओ'चंही असंच: काही प्रकारच्या फाइलींत तो 'नाही' या अर्थाने वाचला जातो. काम संपल्यावर हे दोन देश यादीत आहेत ना, एवढं मुद्दाम तपासा.

नाव आणि कोड वेगळ्या रकान्यांत ठेवा, आणि जोडणी नेहमी कोडवर करा. स्वाझीलँडचं एस्वाटिनी झालं, तरी कोड 'एसझेड'च राहिला. नावावर जोडणी केली असती तर ती तुटली असती.

मराठी नावांसाठी: आयएसओच्या यादीत देशांची मराठी नावं नाहीत. ती युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात मिळतात आणि आपल्या फोनवरची देशांची मराठी यादी बहुधा तिथूनच आलेली असते. एखादं नाव खटकलं तर तिथे दुरुस्ती सुचवायची सोय आहे. मराठी माणसांनी ती जास्त वापरायला हवी, असं मला मनापासून वाटतं. एक दुरुस्ती मान्य झाली की ती कोट्यवधी फोनांवर जाते.

पायरी ४: राज्यांचे कोड

दुसऱ्या भागात महाराष्ट्र 'आयएन-एमएच', गोवा 'आयएन-जीए'. हे गाड्यांच्या नंबरांशी बरेचसे जुळतात, पण विसंबू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयएसओने भारताच्या चार राज्यांचे कोड बदलले: ओडिशा 'ओआर'चं 'ओडी', छत्तीसगड 'सीटी'चं 'सीजी', उत्तराखंड 'यूटी'चं 'यूके', तेलंगण 'टीजी'चं 'टीएस'. आणि २०२४ मध्ये तेलंगणाने गाड्यांसाठी 'टीएस' सोडून 'टीजी' घेतलं! म्हणजे एका यादीने जो टाकला तोच दुसरीने उचलला. जीएसटीचे राज्य कोड आणखी वेगळे, ते आकडी आहेत: महाराष्ट्र २७, गोवा ३०. तीन कामांसाठी तीन रकाने लागतात, त्याला इलाज नाही.

पायरी ५: नाशिकच्या द्राक्षांचा एक कंटेनर

समजा, तुम्ही नाशिकहून नेदरलँड्सला द्राक्षं पाठवता आहात. कागदांवर काय काय येतं ते ओळीने बघू.

बंदर: न्हावा-शेवा 'आयएनएनएसए', रॉटरडॅम 'एनएलआरटीएम'. ही यादी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाची आहे. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन जागेची. आपल्या कस्टम्सच्या प्रणालीत न्हावा-शेवाच्या कोडपुढे १ जोडलेला दिसतो. तो समुद्रमार्गाची खूण आहे आणि परदेशी कागदांवर लागत नाही.

माल: ताज्या द्राक्षांचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा कोड, ०८०६१०. हे सहा आकडे जागतिक कस्टम्स संघटनेचे आणि जगभर तेच. पुढचे आकडे प्रत्येक देशाचे आपापले, म्हणून भारताचा आठ आकडी कोड खरेदीदाराच्या फॉर्मवर जसाच्या तसा टाकू नका.

कंटेनर: चार अक्षरं आणि सात आकडे, आयएसओ ६३४६ प्रमाणे. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. आधीच्या अक्षर-आकड्यांवरून तो काढता येतो, त्यामुळे नंबर लिहिताना एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा लगेच कळतं.

चलन: युरो असेल तर 'ईयूआर'. चलनांच्या कोडात साधारणपणे पहिली दोन अक्षरं देशाची आणि तिसरं चलनाचं असतं.

पैसे कुठे यायचे: इथे आयएफएससी देऊ नका, तो देशांतर्गत व्यवहारांसाठी आहे. परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी स्विफ्ट कोड लागतो. स्टेट बँकेचा 'एसबीआयएन-आयएन-बीबी' असा तोडून वाचा: चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची. ग्राहक आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा बँक खाते क्रमांक, मागेल. भारत त्या पद्धतीत नाही, तेव्हा नुसता खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्यायचा आणि तसं स्पष्ट लिहायचं.

तारीख: ५ मार्च ही ०५/०३ अशी लिहिली तर अमेरिकन वाचक ती ३ मे वाचेल. आयएसओ ८६०१ प्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा.

आणि हमखास चुकणारी जागा: उतरण्याचं बंदर आणि अंतिम मुक्काम. माल रॉटरडॅमला उतरून जर्मनीतल्या खरेदीदाराकडे जात असेल, तर बंदर 'एनएल' पण मुक्कामाचा देश 'डीई'. 'हॉलंड' असं कुठेही लिहू नका, त्या नावाची नोंद देशांच्या यादीत नाही.

पायरी ६: मानकाचा क्रमांक वाचा आणि मानक शोधा

'आयएस १०५०० : २०१२' हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक. आधी मालिका, मग क्रमांक, मग आवृत्तीचं वर्ष. 'आयएस/आयएसओ ९००१ : २०१५' म्हणजे आयएसओचं मानक भारताने जसंच्या तसं स्वीकारलेलं. जर्मन मालावर 'डीआयएन ईएन आयएसओ' अशी तीन नावं एकापुढे एक दिसली, तर आयएसओचं मानक आधी युरोपने आणि मग जर्मनीने स्वीकारलं आहे असं समजायचं. मजकूर मुळात एकच.

भारतात तयार झालेली मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवून घेता येतात. ही सोय फार मोठी आहे आणि अनेकांना अजून माहीत नाही. बांधकामाचा ठेका देणारी सोसायटी, विहिरीचं पाणी तपासून घेणारी ग्रामपंचायत, मसाल्याचा गृहउद्योग करणाऱ्या बायका, या सगळ्यांना मूळ मानक हातात घेऊन बोलता येतं. उतरवल्यावर तीन गोष्टी बघा: ही शेवटची आवृत्ती आहे का, तिच्यावर दुरुस्तीपत्रकं निघाली आहेत का, आणि मानक रद्द तर झालेलं नाही ना. दुरुस्तीपत्रक वेगळं असतं आणि कधीकधी नेमकी तुमच्या कामाची मर्यादा त्यातच बदललेली असते.

वस्तूवरचं चिन्ह तपासायचं तर आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असायलाच हवा. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाका. उत्पादक, वस्तू आणि परवान्याची मुदत, तिन्ही जुळली पाहिजेत. सोन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक असतो, तोही तिथेच तपासता येतो.

'आयएसओ प्रमाणित' या पाटीबद्दल स्पष्ट लिहितो. आयएसओ कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र स्वतंत्र संस्था देतात, आणि त्या संस्थांना एनएबीसीबीसारख्या मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता आहे का, हे बघायचं. शिवाय आयएसओ ९००१ हे कामाच्या व्यवस्थापनाचं मानक आहे; त्याचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यातली वस्तू चांगलीच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. पाटी दिसली की तीन गोष्टी विचारा: कोणतं मानक, प्रमाणपत्र कोणी दिलं, त्या संस्थेला मान्यता कोणाची. उत्तर मिळालं नाही तर त्या पाटीला किंमत देऊ नका.

पायरी ७: मसुद्यावर तुमचं म्हणणं मांडा

मानकं समित्या लिहितात. बीआयएसमध्ये विषयवार समित्या आहेत आणि त्यांतल्या अनेक समित्या आयएसओतल्या समांतर समितीचं भारतातलं काम सांभाळतात. आयएसओत प्रत्येक सभासद देशाला एक मत. समितीत 'सहभागी' देशांवर मतदानाची जबाबदारी असते, 'निरीक्षक' देश कागदपत्रं बघतात आणि सूचना करू शकतात. मसुदा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो: प्रस्ताव, कामाचा मसुदा, समितीचा मसुदा, मग सर्व सभासदांच्या चौकशीसाठीचा मसुदा. या चौकशीच्या मतदानात सहभागी देशांपैकी दोन तृतीयांश मतं बाजूने लागतात, आणि विरोधी मतं एकूण मतांच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असून चालत नाहीत.

सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. हळदीचं भारतीय मानक आयएस ३५७६, आयएसओचं ५५६२. मसाल्यांच्या आयएसओ उपसमितीचं सचिवालय भारताकडे, म्हणजे बीआयएसकडे आहे. चामड्याच्या समितीचंही. हळदीच्या आणि चामड्याच्या जागतिक नियमांचं टपाल दिल्लीतून सुटतं. असं असताना हळद पिकवणारे, विकणारे आणि चामड्याचं काम करणारे या मसुद्यांवर काहीच बोलत नसतील, तर त्यांच्या वतीने दुसरं कोणीतरी बोलणार. ही गोष्ट मला खरोखर टोचते.

म्हणून असं करा. बीआयएसच्या संकेतस्थळावर अभिप्रायासाठी खुले असलेले मसुदे पाहा. मुदत साधारण ६० दिवसांची असते, तेव्हा महिन्यातून एकदा फेरी मारली तर काही निसटत नाही. मसुदा सापडला की आधी 'व्याप्ती' वाचा. तुमची वस्तू त्यात बसतच नसेल, तर पुढची मेहनत वाचते.

मग हरकत लिहा, आणि ती तक्त्यात लिहा. आयएसओच्या अभिप्रायाच्या तक्त्यात पहिला रकाना देशाचा असतो आणि त्यात आयएसओ ३१६६ चाच दोन अक्षरी कोड येतो. पुढे कलम, परिच्छेद किंवा तक्ता क्रमांक, अभिप्रायाचा प्रकार, म्हणणं आणि सुचवलेला बदल. प्रकार तीनच: सर्वसाधारण, तांत्रिक, संपादकीय. शब्दरचनेची चूक 'तांत्रिक' म्हणून घातलीत, तर खऱ्या तांत्रिक हरकतीचं वजन कमी होतं.

'ओलाव्याची मर्यादा फार कडक आहे, ती शिथिल करावी' अशी हरकत मागे पडते, कारण समितीच्या हातात काहीच येत नाही. त्याऐवजी कलमाचा क्रमांक द्या, सध्याचा आकडा द्या, तुमच्याकडच्या मालाच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या जोडा, कोणत्या हंगामातला आणि कशा साठवणीतला माल होता ते सांगा, आणि शेवटच्या रकान्यात तुम्हाला हवं असलेलं वाक्य पूर्ण लिहा. समितीला ते वाक्य उचलून जागेवर ठेवता आलं पाहिजे. एका ओळीत एकच मुद्दा. दहा मुद्दे एका परिच्छेदात कोंबले तर एका नकारात दहाही जातात.

पत्र मराठीत मनासारखं लिहून घ्या, पण तक्ता इंग्रजीत भरून पाठवा. समितीचं काम इंग्रजीत चालतं. भाषा साधी असली तरी चालते, आकडा अचूक हवा. एकट्याने पाठवण्याऐवजी व्यापारी संघ, शेतकरी उत्पादक कंपनी, महाविद्यालयाचा विभाग किंवा ग्राहक संघटना यांच्यामार्फत पाठवलं तर समितीत जागा मागायलाही आधार होतो. मुंबई, पुणे आणि नागपूरला बीआयएसची शाखा कार्यालयं आहेत. कोणती समिती, कोणता मसुदा, हे तिथे विचारता येतं.

आयएसओच्या मसुद्यावर थेट जिनिव्हाला पत्र पाठवून काही साधत नाही. वाट राष्ट्रीय संस्थेतूनच जाते. देशांच्या नावांबद्दल तक्रार असेल तर तीही संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून सुटते, आयएसओकडून नाही.

हरकत फेटाळली गेली तर अंतिम मानक हाती आल्यावर ते कलम पुन्हा वाचा आणि चाचण्यांचे कागद जपून ठेवा. आयएसओची मानकं निदान दर पाच वर्षांनी फेरविचाराला येतात. तोवर तुमच्याकडे आणखी काही हंगामांच्या चाचण्या जमलेल्या असतील. त्या जोडून तीच हरकत पुन्हा पाठवा.